प्रसाद, टार्गेट आणि रविवार सकाळ

आडनाव मराठी, फराळ मराठी, भांडणंसुद्धा अस्सल मराठीत... फक्त रविवारी सकाळी पावलं चर्चकडे वळतात. लॅपटॉपवरच्या झेंडूच्या माळा, महिनाअखेरचं टार्गेट आणि आपली श्रद्धा, या सगळ्याचं जमवायचं कसं? एका मराठी ख्रिश्चन मुलीची ही कबुली!

खंडेनवमीची सकाळ. बाणेरमधल्या आमच्या ऑफिसात नुसती धमाल. मुली पैठणीत, मुलं कुर्त्यात, प्रत्येक लॅपटॉपला झेंडूची माळ. कॉफी मशिनलासुद्धा हळद-कुंकू लागलेलं! (आमच्या ऑफिसातलं सगळ्यात महत्त्वाचं शस्त्र तेच, त्यामुळे बरोबरच होतं म्हणा.) रांगोळी मी काढली होती, सेल्फी मी काढत होते. एकदम मूड होता. आणि तेवढ्यात एचआरच्या ताईंनी आरतीचं तबक माझ्यापुढे धरलं.

"तू सगळ्यात ज्युनियर ना? चल, यंदाची आरती तुझ्या हातून!"

सगळं ऑफिस माझ्याकडे बघतंय. निरांजन तेवतंय. कुणीतरी मोबाइलवर व्हिडीओ सुरू केलाय. मी ताईंच्या कानाशी गेले आणि हळूच म्हणाले, "ताई, मला ना... अडचण आहे."

ताईंनी समजूतदारपणे मान हलवली. तबक पुढे सरकलं. विषय संपला. (आजच्या जमान्यात, चकचकीत ऑफिसात हे कारण अजूनही चालतं, हा एका वेगळ्याच लेखाचा विषय आहे!)

अडचण होती, हे खरं. पण 'ती' नव्हती. मी ख्रिश्चन आहे. मूर्तिपूजा करायची नाही, हे आमच्या घरात मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. ती आज्ञा मी त्या दिवशी अगदी काटेकोरपणे पाळली... खोटं बोलून. दहा आज्ञांपैकी एक सांभाळताना दुसरी बिनधास्त मोडली. आणि वर सुटल्यासारखं वाटलं.

ते 'सुटल्यासारखं' वाटणं मला पुढे बरेच दिवस छळत राहिलं.

अय्या, पण तू तर मराठी वाटतेस!

हे वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. लोकांच्या डोक्यात ख्रिश्चन म्हणजे गोव्याचा, नाहीतर केरळचा. फ्रॉक घालणारी, हिंदी सिनेमातली 'मॅन' म्हणणारी वगैरे. आमच्या घरात आजी नऊवारीत वावरली. आई कुंकू लावत नाही, पण पुरणपोळी अशी करते की विचारू नका. नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या. दिवाळीचाच फराळ, फक्त दोनेक महिने उशिरा! (आणि हो, 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज. मराठीने तो इतका आपलासा केलाय की कुणाला शंकाही येत नाही.)

मी मूळची नगरची, म्हणजे आता अहिल्यानगरची. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली तिथूनच निघालं. आमच्या चर्चमध्ये आडनावं ऐकाल तर गायकवाड, शिंदे, साळवे, जाधव. माझंही त्यातलंच एक. त्यामुळे मी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. फ्लॅट भाड्याने घेताना मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, "नॉनव्हेज नाही ना करणार?" विचारलं आणि किल्ली दिली. धर्म विचारलाच नाही. मीही सांगितला नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती होते सुमारे १० लाख ८० हजार. सव्वाअकरा कोटींच्या राज्यात एक टक्कासुद्धा नाही! त्यात कॅथलिक आले, प्रोटेस्टंट आले, ईस्ट इंडियन, गोवेकर, मल्याळी, तमिळ सगळे आले. त्यामुळे शंभर जणांच्या ऑफिसात बहुतेक वेळा मी एकटीच असते. आणि एकटं असलं की माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर सारखा झेंडा फडकवतो, नाहीतर गपचूप गर्दीत मिसळून जातो. मी दुसरी पार्टी.

मिसळून जाण्याला कारणंही आहेत. "तुम्हाला कन्व्हर्ट व्हायचे किती मिळाले?" हा प्रश्न मला कॅन्टीनमध्ये, सँडविच खाता खाता, अगदी हसत विचारला गेलाय. मिळाले असतील तर माझ्या पणजोबांच्या आजोबांना. माझ्यापर्यंत काही पोचले नाहीत, बॉस! पण गंमत बाजूला ठेवू. नगर भागातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांची मुळं महार आणि मांग समाजांत आहेत. गावाबाहेर राहिलेल्या माणसांना कुणीतरी शाळेत बसवलं, आजारपणात हात लावला, देवाच्या घरात पुढे बोलावलं. त्या माणसांसाठी ही गोष्ट किती मोठी असेल, हे एसी कॅन्टीनमध्ये बसून कळणं कठीणच.

त्याला कायद्याचीही एक बाजू आहे. अनुसूचित जातींच्या सवलतींचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आधी फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. त्यामुळे काही घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं दोन पिढ्या चाललं. लपवणं आमच्याकडे कधी कधी वारशानेच येतं. मी त्या घरांना नावं ठेवणार नाही. माझ्यापुढे सवलतीचा प्रश्न नव्हता, पोटाचा नव्हता. माझ्यापुढे फक्त 'लोक काय म्हणतील' एवढंच होतं. तरीही मी लपले.

एका कपातलं वादळ

ऑफिसमधल्या प्रसादाचं काय करायचं, यावर आम्हा मित्रमंडळींत एकमत नाही. माझी एक मैत्रीण सरळ खाते. "साखर-रवा देवानेच बनवलाय ना!" हा तिचा फंडा. दुसरा एक जण नम्रपणे नको म्हणतो. तिसरा हातात घेतो आणि शेजारच्याला देतो. मी? रुमालात बांधायचे आणि नंतर शिपाईकाकांना द्यायचे. म्हणजे इथेही लपवालपवी.

खरं तर हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे. ग्रीसमधलं कॉरिंथ हे व्यापाराचं शहर, दोन बंदरं असलेलं. पैसा, देवळं, पार्ट्या सगळं जोरात. तिथल्या बाजारात येणारं मटण बऱ्याचदा आधी देवळात मूर्तीपुढे वाहिलेलं असायचं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना टेन्शन : खायचं की नाही? नव्या करारात पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे, त्यात तो यावर चांगलं लांबलचक बोलतो. त्याचा सूर साधारण असा : अन्नाने काही तू देवाच्या जवळ जात नाहीस की लांब जात नाहीस. कुणी जेवायला बोलावलं तर उगाच चौकशा न करता जेव. पण तुझ्या खाण्यामुळे शेजारच्या कच्च्या मनाच्या माणसाचा पाय घसरणार असेल, तर त्याच्यासाठी सोड. आणि जिथे खाणं म्हणजे पूजेतच सामील होणं आहे, तिथे मात्र तो ठाम नको म्हणतो. म्हणजे प्रश्न ताटात काय आहे, एवढाच नाही. समोर माणूस कोण आहे आणि तू नक्की कशात सामील होतोयस, हाही आहे.

आणि समजू नका की ही भानगड फक्त आमचीच. आपल्या पुण्यातच १८९० साली केवढा गदारोळ झाला होता! पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला. नंतर नावं छापून आली आणि सनातन्यांनी रान उठवलं. प्रकरण थेट प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका कप चहासाठी!

दुसऱ्याच्या हातचं खाल्लं तर मी 'मी' राहीन का, ही भीती दोन्हीकडून सारखीच आहे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा एचआरच्या ताईंबद्दल जरा जवळीक वाटली.

रविवारचा सौदा

माझा एक मित्र हिंजवडीत सपोर्ट प्रोजेक्टवर आहे. शिफ्ट फिरत्या, क्लायंट परदेशातला. त्याचा रविवार सकाळचा जीव चर्चच्या क्वायरमध्ये अडकलेला, कारण तबला तोच वाजवतो. (हो, आमच्याकडे पेटी-तबला असतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ख्रिस्ती भजनं-कीर्तनं मराठमोळ्या थाटात आणली, ती आम्ही आजही गातो.)

पहिली दोन वर्षं तो दर शनिवारी मॅनेजरला काहीतरी थाप मारायचा. पोट बिघडलं, मावशी आली, गाडी पंक्चर. मग एक दिवस त्याने टीमलाच सांगून टाकलं. "मला रविवार सकाळ हवी. बदल्यात लक्ष्मीपूजन माझं, गणपतीचा पहिला दिवस माझा, पाडवासुद्धा माझा." टीम खूश! आता सगळी टीम दिवाळीत घरी आणि हा पठ्ठ्या ऑफिसात एकटा, डब्यात सगळ्यांच्या घरचा फराळ. नाताळला उलटं. तेव्हा त्याची शिफ्ट दुसराच कुणीतरी उचलतो.

पण सगळं असं गोड नसतं. एका ईस्टरला नेमकं गो-लाइव्ह आलं. ईस्टर म्हणजे आमच्यासाठी नाताळापेक्षाही मोठा सण. तो पहाटेच्या अंधारातल्या भक्तीला गेला आणि धावतपळत आठला लॉगिन झाला. लॉगिन व्हायला पंधरा मिनिटं उशीर. पुढच्या ऑनसाइटच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कारण तेच होतं की आणखी काही, कोण जाणे.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"ऑनसाइटचं वाटलं ना," तो म्हणाला. "पण खरं सांगू? त्याच आठवड्यात मी एका ज्युनियरवर सगळ्यांसमोर इतका ओरडलो की तो बाथरूममध्ये जाऊन रडला. रविवार वाचवला गं मी. सोमवार ते शनिवारचं काय?"

हे वाक्य मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

लेडीज डब्यातला उपवास

वसईची माझी मैत्रीण कॅथलिक. रोज वसई ते चर्चगेट. तिच्या घरी सामवेदी बोलतात. ती फोनवर आईशी बोलायला लागली की मी नुसती ऐकत बसते. मराठीच, पण जरा वेगळ्याच वाटेने आलेली. तिचे लोक अनेक शतकांपासून ख्रिस्ती. पोर्तुगीज वसईत १५३४ मध्ये आले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले. ही माणसं आणि त्यांची श्रद्धा मात्र तिथेच, केळीच्या बागांमध्ये राहिली.

राखेच्या बुधवारी तिचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. सकाळी मिस्सा, कपाळावर राखेचा क्रूस आणि तशीच लोकलमध्ये! "पहिल्या वर्षी मी ओढणीने पुसून टाकला होता," ती सांगते. "दुसऱ्या वर्षी ठेवला. एका मावशींनी विचारलं, कपाळाला काय लागलंय गं? म्हटलं, राख आहे. माणूस मातीचा आहे, हे विसरू नये म्हणून. मावशी म्हणाल्या, आमच्याकडेपण अंगारा लावतात. झालं. दोस्ती!"

त्या डब्यात भजनाचा ग्रुप आहे. दसऱ्याला डबा सजतो. ही सजवायला मदत करते, भजनाच्या वेळी गप्प बसते आणि वडापाव सगळ्यांसोबत खाते. प्रायश्चित्तकाळात मात्र चाळीस दिवस वडापाव बंद. वाचलेले पैसे ती एका डबीत टाकते आणि ईस्टरच्या आधी गरजू घरात देते. आता त्या मावशीच विचारतात, "काय गं, डबी भरली का?" एका वर्षी चार मावश्यांनी आपापले दहा-वीस रुपये त्यात टाकले.

वसई म्हटलं की फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले, मराठीत बायबल आणणारे धर्मगुरू. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला ९३ वं मराठी साहित्य संमेलन झालं आणि ते त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. फादर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कसे, म्हणून. त्या दिवसांत आमच्या घरी टीव्हीचा आवाज जरा मोठाच असायचा. 'तू मराठी वाटतेस' हे वाक्य फक्त मलाच ऐकावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. फादर जुलै २०२४ मध्ये गेले.

खरं तर ही मराठी जुनी आहे हो! फादर थॉमस स्टीफन्सनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, त्याही एका इंग्रज माणसाने लिहिलेल्या! तेव्हापासून आम्ही ओवीतच प्रार्थना करतोय.

आजीचा गुगली

त्या खंडेनवमीनंतर नाताळला मी नगरला गेले. आजी चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, करंज्या तळत होती. मी मोठ्या फुशारकीने 'अडचणी'चा किस्सा सांगितला. वाटलं, आजी खूश होईल. नातीने आरती टाळली!

आजीने झारा थांबवला. "खोटं बोललीस?"

"अगं, पण आरती..."

"आरती राहू दे. तुझं काम काय असतं तिथं? दिवसभर काय लिहितीस?"

इथे माझी बोलती बंद झाली. कारण त्या वेळी मी काय लिहीत होते, सांगू? खोटे रिव्ह्यू. कंपनीचा एक मोठा क्लायंट होता, त्याच्या फेसक्रीमसाठी दर आठवड्याला चाळीस रिव्ह्यू. "मी नाशिकची गृहिणी, दोन महिन्यांत डाग गेले!" "मी कॉलेजात आहे, मैत्रिणी विचारतात सीक्रेट काय?" सगळं माझ्याच डोक्यातून. पहिल्या दिवशी जरा कसंतरी वाटलं. नंतर स्पीड आला. टार्गेटच्या पुढे असायचे मी. एकदा तर 'स्टार परफॉर्मर'चा मगही मिळाला.

प्रसादाचा शिरा रुमालात बांधणारी, आरतीच्या तबकापासून दोन हात लांब पळणारी मी, दर आठवड्याला चाळीस वेळा खोटी साक्ष देत होते. आणि माझ्या श्रद्धेला धक्का बसतोय असं मला एकदाही वाटलं नव्हतं! कारण तिथे झेंडू नव्हता, निरांजन नव्हतं. एक्सेल शीट होती. मला वाटायचं, माझ्या श्रद्धेची परीक्षा वर्षातून दोनदा येते, गणपतीत आणि दसऱ्याला. परीक्षा रोजच चालू होती आणि मी रोज नापास होत होते.

आजी फार काही बोलली नाही. तिच्या उशाशी 'स्मृतिचित्रे' असतं, तेवढं दाखवून म्हणाली, "लक्ष्मीबाई बघ. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला. ही बाई लगेच मागं गेली नाही. रडली, भांडली, वेगळी राहिली. १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटलं तेव्हा. आणि मग लपवलं नाही."

मग करंजी माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "लपवायचंच असंल, तर मग पाळतीस कशाला?"

खिडकी उघडी ठेवणारा माणूस

परत आल्यावर मी दानीएलची गोष्ट पुन्हा वाचली. लहानपणी संडे स्कूलमध्ये ती फक्त सिंहांची गोष्ट होती. आता वाचली तर चक्क एका यंग प्रोफेशनलची निघाली! देश हरलाय. हुशार पोरांना उचलून बाबेलला, राजाच्या नोकरीत आणलंय. नवी भाषा, नवं ट्रेनिंग, नवं नाव बेल्टशस्सर. दानीएल भाषा शिकतो, नाव चालवून घेतो, कामात टॉपला जातो. राजाच्या ताटातलं अन्न मात्र नको म्हणतो. तेही भांडून नाही. साहेबाला विनंती करतो : दहा दिवस भाजी-पाण्यावर ठेवून बघा, मग ठरवा.

आणि पुढे, कित्येक वर्षांनी, राजाशिवाय कुणाकडेही काही मागायचं नाही असा हुकूम निघतो. तेव्हा तो घरी जातो आणि रोजच्यासारखीच दिवसातून तीनदा प्रार्थना करतो. खिडक्या उघड्या ठेवून! नवा तमाशा नाही, पण लपवणंही नाही.

माझ्या खोलीची खिडकी, मी पुण्यात आल्यापासून, प्रार्थनेच्या वेळी बंद असायची.

जानेवारीत मी सरांच्या केबिनमध्ये गेले. पाय लटपटत होते. म्हटलं, "सर, ते रिव्ह्यू मी यापुढे लिहिणार नाही. बाकी काहीही द्या." सरांनी वर न बघता विचारलं, "का? सगळेच करतात." मी म्हणाले, "खोटं आहे म्हणून." 'मी ख्रिश्चन आहे म्हणून' असं नाही म्हणाले, कारण खोटं न लिहायला ख्रिश्चनच असायला लागतं असं थोडंच आहे! सर चिडले नाहीत. क्लायंट दुसऱ्या मुलीकडे गेला, मार्चमध्ये माझं इन्क्रिमेंट सगळ्यांत कमी आलं. रिव्ह्यू लिहिणं काही थांबलं नाही. फक्त माझं थांबलं. मी हिरॉइन वगैरे झाले नाही, त्या महिन्यात नव्या मोबाइलचा प्लॅन तेवढा कॅन्सल झाला.

पण गंमत अशी, की त्यानंतर ताईंना खरं सांगणं सोपं गेलं. पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच मी त्यांना गाठलं. "ताई, मी ख्रिश्चन आहे. रांगोळी मीच काढणार, फुलं मीच आणणार, फोटोही मीच काढणार. फक्त आरती आणि पूजा नाही करणार. राग नका मानू."

ताई दोन सेकंद बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस गं? मी काय खाणार होते तुला?" आणि मग एकदम काहीतरी आठवून, "म्हणजे गेल्या वर्षीची अडचण...?"

"सॉरी, ताई."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. सगळेच असे हसले नाहीत. टीममधला एक जण तेव्हापासून माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागला, तो आजतागायत. 'सॉफ्ट टार्गेट शोधत असेल' असं तो कुणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं. ते टोचलं. अजून टोचतं. पण लपण्याची किंमत आणि सांगण्याची किंमत, दोन्ही मी मोजून बघितल्यात. दुसरी महाग आहे, पण झोप चांगली लागते.

मग जमलं का सगळं?

छे! आता मी फ्रीलान्सर आहे. संपादकांच्या डेडलाइन नेमक्या रविवारी येतात आणि मी कधी कधी चर्च बुडवते. ब्रँडेड लेख आला की अजून मनात तराजू हलतो. प्रसाद आता रुमालात बांधत नाही. कुणी प्रेमाने घरचा शिरा पुढे केला तर खाते. पूजेतला असेल आणि देणाऱ्याने तसं सांगितलं, तर हात जोडून "तुम्ही घ्या" म्हणते. माझ्याच चर्चमधल्या काहींना हे चुकीचं वाटतं, काहींना जास्तच कडक. असू दे.

पण एक नक्की कळलंय. माझ्या श्रद्धेचा सामना झेंडूच्या फुलांशी नव्हताच. ताईंच्या तबकात मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, ते एक्सेल शीटमध्ये सांगितलं होतं. 'सगळेच करतात' ही जी आपल्या ऑफिसांची सगळ्यात मोठी संस्कृती आहे ना, तिच्याशी माझं खरं भांडण आहे. आणि त्या भांडणात ताई माझ्या बाजूला आहेत. डब्यातल्या मावशी आहेत. कदाचित तुम्हीही आहात.

गेल्या रविवारी उपासनेहून आले, खिडकी उघडी होती आणि मी एक जुनं भजन गुणगुणत होते. समोरच्या बाल्कनीतून मालकीणबाई ओरडल्या, "काय छान म्हणतेस गं! कुठला अभंग?"

पूर्वीची मी म्हणाले असते, "असाच, कुठलातरी."

"आमच्या चर्चमधला आहे, काकू," मी म्हणाले. "या, ऐकवते!"

ऑफिसात ख्रिश्चन कलीग आहे? मग एवढं लक्षात ठेवा!

* 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणू नका, प्लीज! तो येशूच्या मृत्यूचा दिवस. शुभेच्छा दोन दिवसांनी, ईस्टरच्या रविवारी द्या. दुप्पट आनंदाने घेऊ.

* प्रत्येक ख्रिश्चन पितोच असं नाही. कित्येक मराठी प्रोटेस्टंट घरांत दारूचं नावसुद्धा काढत नाहीत. न्यू इअर पार्टीत ग्लास हातात कोंबू नका.

* ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, त्यामुळे त्याआधीचा उपवासाचा काळही. डबा पार्टी ठरवताना एकदा विचारा.

* प्रसाद देताना 'घेशील का?' एवढंच विचारा. कुणी घेईल, कुणी नाही. दोन्ही उत्तरं प्रेमानेच दिलेली असतात.

* आणि 'पण तू तर मराठी वाटतेस' हे शेवटचं. वाटत नाही हो... आहेच!